मिठाची बोटं

नेदरलँड्समध्ये तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की मी सांगते, पाणी बघते. समोरचा डच असेल तर आदराने मान हलवतो, कारण या देशातली निम्मी माणसं या ना त्या प्रकारे पाणीच बघत असतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर त्याला वाटतं, मी सरकारी खात्यात आहे. मग खरं सांगावं लागतं, की मी लोकांच्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळते. ‘अच्छा, म्हणजे फिशटँक साफ करता,’ असं म्हणून तो बटाटेवड्यांकडे वळतो. बावीस वर्षं मी हे ऐकतेय. आता सहसा राग येत नाही, आणि येतो तेव्हा मी तो लपवत नाही.

धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मासे सांभाळायचे नसतातच. सांभाळायचं ते पाणी, मासे आपले आपण जगतात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. टाकीतल्या सच्छिद्र दगडांमध्ये जिवाणू राहतात, ते हे विष पचवून सौम्य करतात. हे जिवाणू दिसत नाहीत, पण टाकीचे खरे मालक तेच. टाकी एका घरातून दुसऱ्या घरात नेली की ते हादरतात, काही मरतात, आणि पाणी बिघडतं. म्हणून स्थलांतरानंतरचे सहा-आठ आठवडे माझी खरी नोकरी. दर खेपेला नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा, वहीत लिहायचं. फिल्टरच्या कापडी पिशवीत जे जे सापडेल तेही लिहायचं. माझ्या वहीत काय काय आहे ते सांगितलं तर हसाल. एका दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या टाकीत मला आख्खी कवळी सापडली होती. आणि आम्स्टेलव्हेनच्या एका आपल्याच कुटुंबाने दीड दिवसाचा गणपती टाकीत विसर्जन केला होता. ‘शाडूचाच आहे हो, इकोफ्रेंडली,’ असं त्या बाई मला पटवत होत्या. प्रवाळांवर चिखलाचा थर बसलेला आणि बाप्पाचा मुकुट फिल्टरच्या तोंडाशी अडकलेला. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही, दिवाळी आहे.

पण आज मला सांगायचंय ते गेल्या वर्षीच्या टाकीबद्दल. ती हसण्यासारखी नाही. त्या घरात मी जन्मात पहिल्यांदा माझ्याच कामाला घाबरले.

टाकी मृणालची. रायस्वाइकला तिच्या फ्लॅटवर मी सहा वर्षं जात होते, पण खरं तर तिला माझी गरज नव्हती. नोकरी सॉफ्टवेअरची, पण मुलगी रेवदंड्याची, समुद्राकाठी वाढलेली. तिला पाणी नुसतं बघून कळायचं. मी नळ्या काढून तपासायचे, आणि ती आधीच सांगायची, ताई, आज काहीतरी जड वाटतंय. आकडा तेच सांगायचा. टाकीपाशी उभं राहायची तिची एक ठरलेली ढब होती. डाव्या हाताची चार बोटं टाकीच्या लाकडी कडेवर टेकवायची आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. नवरा शैलेश सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला असायचा आणि या दोघींचं काय चाललंय म्हणून हसायचा.

तिच्या सगळ्या जीवांमध्ये तिचा लाडका जीव म्हणजे एक कोळंबी. बोटाच्या दीड पेरांएवढी. हिचा एक पंजा मोठा असतो आणि तो ती अशी मिटते की पाण्यात ‘कट्’ असा आवाज होतो, बाहेर खोलीभर ऐकू येणारा, कुणी बोट मोडल्यासारखा. मृणालने तिचं नाव टिचकी ठेवलं होतं. टिचकीला जवळजवळ दिसत नाही. ती वाळूत बीळ खणते आणि त्याच बिळात तिच्यासोबत एक छोटा मासा राहतो. तो दाराशी बसून राखण करतो, ही खणत असताना आपली एक मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो, ही आत पळते. सहा वर्षं मी हे बघितलं, तरी दर वेळी दोन मिनिटं हातातलं काम थांबायचं.

मृणाल गेली त्या वसंतात. आजार कळल्यापासून फार वेळ मिळाला नाही. दोघांनी मिळून उइटहॉर्नला घर घेतलं होतं, त्याच्या चाव्या हातात आल्या तेव्हा ती नव्हती. शैलेशने शरदात मला फोन केला. घर बदलतोय, टाकी न्यायचीय, आणि टिचकी जगली पाहिजे, एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. असं वचन या धंद्यात देऊ नये, पण दिलं.

सामान बांधायच्या दिवशी आमचा वाद झाला. मी म्हटलं, दगड आणि वाळू नेऊ, पाणी इथेच ओतू आणि तिथे नवं करू. पाण्यात जिवाणू फारसे नसतात, ते वाहून नेण्यात अर्थ नसतो. शैलेश म्हणाला, पाणी तेच राहील. मी पुन्हा समजावलं. तेरा ड्रम होतील, व्हॅन मोठी लागेल, फायदा काही नाही. तो ऐकून घेत होता, मग टाकीकडे बघत म्हणाला, “ताई, तिचे हात रोज याच पाण्यात असायचे.”

मी ड्रम भरायला घेतले.

उइटहॉर्नच्या घरात आणखी एक माणूस होतं, मृणालचे वडील. तात्या. रेवदंड्याला पोस्टात आयुष्य गेलेलं, बायको आधीच गेलेली, आता एकुलती एक मुलगीही. जावयाला सोबत म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते, आणि खरं तर दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळत नव्हतं. शैलेशने घरात मृणालचा फोटोसुद्धा लावला नव्हता. तेरावं-चौदावं तिच्या सासरी पुण्याला झालं ते झालं, या घरात आता विधी नकोत, तिला रडारड आवडायची नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं. तात्या जावयाच्या घरी पाहुणे, ते काय बोलणार? सकाळी शैलेश ट्रॅमने कामाला गेला की ते टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे. वरून स्किपोलची विमानं जायची आणि पाण्यावर बारीक थरथर उठायची, ती बघायचे.

टाकी लावली त्या दिवशी मी एकटीच काम करत होते आणि तात्या प्रश्न विचारत होते. मला बडबड करायला आवडतं, आणि इतक्या वर्षांत इतकं नीट ऐकणारा माणूस भेटला नव्हता. मी काचेवर एक खूण केली, हिरव्या टेपची. पाणी इथपर्यंत पाहिजे म्हटलं. हवेने रोज दीड-दोन लिटर उडून जातं. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून वरून रोज गोडं पाणी घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढत जाऊन आतले जीव घुसमटतात.

“मीठ मागे राहतं,” तात्या म्हणाले. मग विचारलं, “रोज पाणी द्यावं लागतं म्हणता?”

रोज, मी म्हटलं. पण तुम्ही काळजी करू नका, यंत्र देईल. टाकीखालच्या कपाटात मी गाळलेल्या पाण्याचा पंचवीस लिटरचा ड्रम ठेवला होता, त्याला छोटा पंप. पातळी खुणेच्या बोटभर खाली गेली की पंप आपोआप सुरू होतो. तात्यांनी तो ड्रम खुर्चीतूनच वाकून बघितला आणि यंत्रच देतं का, असं पुटपुटले. मी पुढच्या कामाला लागले.

पहिले दोन आठवडे ठरल्याप्रमाणे गेले. अमोनिया वाढला, मग उतरला, दगडातले जिवाणू सावरले. टिचकीने नव्या जागी नवं बीळ खणलं. तिसऱ्या आठवड्यात मी कपाट उघडलं आणि थबकले. ड्रम भरलेला होता, मी मागच्या आठवड्यात सोडला होता तसाच, काठोकाठ. मला वाटलं, पंप बिघडला. पण मग पातळी खाली जायला हवी होती. टाकीतलं पाणी हिरव्या टेपवर होतं, रेषेला रेषा लावून. पंप तपासला, उत्तम चालत होता. त्याला चालायची वेळच आली नव्हती.

म्हणजे त्या टाकीतलं पाणी आटत नव्हतं. बावीस वर्षांत मी असं पाहिलेलं नाही. हीटर चालू, घर गरम, खोलीची हवा कोरडी, आणि पाणी खुणेवर. खारटपणा मोजला, तो अचूक. सगळे आकडे पुस्तकात छापावेत असे. आकडे इतके चांगले असले की मला बरं वाटायला हवं, पण त्या दिवशी मी वहीत ‘पातळी तीच’ असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

मग जीव मरायला लागले. आधी शंखातल्या गोगलगायी काचेवरून सुटून उताण्या पडू लागल्या. मग लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या होत्या, त्यातली एक गेली, चार दिवसांनी दुसरी. मासे मात्र ठणठणीत. अमोनिया शून्य, बाकी सगळं जागच्या जागी. मी नळ्या बदलल्या, थेंबांच्या बाटल्या नव्या आणल्या, पाण्याचा नमुना घरी नेऊन परत तपासला. पाण्यात दोष नाही असं पाणी सांगत होतं, आणि त्यातले जीव एकेक करून जात होते. टिचकीचा आवाजही कमी झाला होता. तो छोटा मासा बिळाच्या दाराशी बसून असायचा, पण मिशी दिसत नव्हती.

चौथ्या आठवड्यात मला ती बोटं दिसली. टाकीच्या लाकडी कडेवर, डाव्या बाजूला, पांढरे चार ठसे. खारं पाणी लागलेला हात लाकडावर टेकला आणि सुकला की मीठ उमटतं, त्यात आश्चर्य नाही. पण मी ती कड दर खेपेला पुसून जाते. आणि ठसे ज्या जागी होते ती जागा मला पाठ होती.

शैलेश त्या दिवशी घरून काम करत होता. मी त्याला हाक मारली आणि विचारलं, टाकीत हात कोण घालतंय? तो म्हणाला, कुणीच नाही, मी तर जवळही जात नाही. तात्या खुर्चीतून म्हणाले, त्या यंत्रातलं मला काय कळतंय? शैलेशने जवळ येऊन ते ठसे बघितले. त्याने आपला हात वर नेला, बोटं ठशांच्या वर धरली, पण टेकवली नाहीत.

“ती या घरात कधी आलीच नव्हती,” तो हळू आवाजात म्हणाला.

मी म्हटलं, हे बघ, एखादा कॅमेरा लाव, तुझ्याकडे ढीगभर आहेत. हा माणूस दिवे मोबाइलवरून लावतो, घराचं दार ऑफिसात बसून उघडतो. पण त्याने मान हलवली. नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं, अरे, टिचकी मरेल अशाने. तेव्हा तो म्हणाला, “ताई, कॅमेऱ्यात काहीच दिसलं नाही तर ठीक आहे. पण दुसरंच कोणी दिसलं तर?”

कॅमेऱ्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. मी ठसेही पुसले नाहीत.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही, हे कबूल करते. मी शास्त्र शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्याचा विश्वास नसतो त्याचीच अशा वेळी जास्त तंतरते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. पाणी तेच आणलंय. तेरा ड्रम, मीच भरलेत.

पाचव्या आठवड्यात माझी दुपारची वेळ बदलून मी सकाळी साडेदहाला गेले. शैलेश कामावर होता, त्याने मला किल्ली देऊन ठेवली होती. बाहेर आम्स्टेल नदीवरचं धुकं खिडकीला टेकलेलं. वरच्या मजल्यावर नळाचा आवाज येत होता, म्हणजे तात्या न्हाणीघरात होते. खोलीत कुणी नव्हतं. आणि टाकीतले सगळे मासे डाव्या कोपऱ्यात वर गोळा झाले होते. खाणं नव्हतं, मी जवळ गेलेही नव्हते. सगळे एकाच दिशेला तोंड करून, कल्ले हलवत, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखे वर बघत होते. मी कोट काढायचं विसरून दाराशी तशीच उभी राहिले. मग बिळातून एकदाच आवाज आला, ‘कट्’. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि कामाला लागले. फिल्टरची कापडी पिशवी काढून उलटी केली. तळाशी नेहमीचा गाळ, आणि त्यात काळे बारीक दाणे. पंधरा-वीस असतील. आधी वाटलं, कसली तरी अंडी. चिमट्याने उचलून डबीत घातले, वहीत ‘काळे कण, अज्ञात’ असं लिहिलं आणि तात्या खाली यायच्या आत निघाले. का कोण जाणे, त्यांच्याशी त्या दिवशी बोलवत नव्हतं.

घरी येऊन दाणे वाळवले, भिंग लावलं. एका टोकाला निमुळते, चपटे, काळे. हे मी रोज बघते असं वाटत राहिलं. मग उठून मिसळणाचा डबा उघडला आणि त्यातली चिमूट भिंगाखाली शेजारी ठेवली.

तीळ होते. काळे तीळ.

पाण्यात काळे तीळ कधी सोडतात ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मी भिंग खाली ठेवलं. आणि तशीच मी ओट्याशी उभी असताना माझी नजर सिंकशेजारच्या माझ्या स्वतःच्या तांब्यावर पडली. रात्री भरून ठेवते, सकाळी पिते, आईने लावलेली सवय. चिंचेने घासलेला, लखलखीत, तांब्याचा.

बावीस वर्षं मी नवशिक्यांना पहिल्या दिवशी जे सांगते ते म्हणजे तांबं. माशांना ते सहसा बाधत नाही, आजारी माशांना औषध म्हणूनही देतात. पण गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना कणभरही विष. गोगलगायी गेल्या, कोळंब्या गेल्या, मासे ठणठणीत. माझ्या हाताखालच्या पोरीने सुद्धा पहिल्या दिवशी ओळखलं असतं. मी तांब्याची तपासणी केलीच नव्हती, कारण पाणी मी स्वतः गाळून आणत होते, मग तांबं येणार कुठून? हा माझा गर्व. त्या गर्वापायी दोन कोळंब्या गेल्या. मागच्या खेपेला आणलेल्या नमुन्यात थेंब टाकले, नळी सावकाश रंगली.

दुसऱ्या दिवशी मी पावणेअकराला गेले. किल्लीने दार उघडलं. तात्या टाकीपाशी उभे होते, आंघोळ करून, उपरणं खांद्यावर. बाजूच्या स्टुलावर तांब्याचा जग, मृणालच्याच स्वयंपाकघरातला. डाव्या हाताची चार बोटं, टाकीच्या पाण्याने ओली, कडेवर टेकलेली. तशीच, हुबेहूब. बाप-लेकीची उभं राहायची ढब एकच होती, आणि ते मला कधी कळलंच नव्हतं, कारण त्यांना मी खुर्चीत बसलेलंच पाहिलं होतं.

जगातलं पाणी त्यांनी हिरव्या खुणेपर्यंत आणून सोडलं. मग उजव्या तळव्यावर तीळ घेतले, वर थोडं पाणी घेतलं आणि अंगठ्याच्या मुळाकडून ते टाकीत ओघळू दिलं. काल जमले होते त्याच कोपऱ्यात मासे वर आले, तीळ तोंडात घेऊन थुंकले. तात्यांनी नाव घेतलं ते मला ऐकू आलं. तीनदा घेतलं. मी दाराशी हात जोडून उभी राहिले, दुसरं काय करणार?

मागे वळले तेव्हा मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. म्हणाले, लेकीला पाणी देतात की नाही मला माहीत नाही, भटजींना विचारायची हिंमत झाली नाही. सगळ्या पितरांची नावं घेतली की शेवटी तिचं घेता येतं म्हणतात. मी फक्त तिचंच घेतो. शैलेशरावांना घरात विधी नकोत, म्हणून ते गेल्यावर. समुद्र इथे कुठे आहे, कसं जायचं, मला भाषा येत नाही. आणि तिचा समुद्र तर इथेच आहे. तुम्हीच म्हणालात, रोज पाणी द्यावं लागतं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं चांगलं पाणी देतो, थेट नळाचं नाही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तांब्याचं सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं, पण मी फटकळ बाई, हळू म्हणजे किती हळू सांगणार? ते ऐकत होते, नेहमीसारखे नीट. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “म्हणजे तिच्या त्या कोळंब्या मी मारल्या?”

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. स्थलांतरात मरतात असं म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण पाण्याच्या बाबतीत खोटं बोलायची मला सवय नाही. मी हो म्हटलं. तात्यांनी उपरण्याने ओला हात पुसला, मग तो हात कितीतरी वेळ उपरण्यातच ठेवला. या धंद्यात मी पुष्कळ चुका केल्यात, पण तो ‘हो’ अजून सलतो.

टिचकी जिवंत आहे, मी घाईघाईने म्हटलं. काल आवाज आला. पण तिला वाचवायचं तर हे पाणी बदलावं लागेल. थोडंथोडकं नाही, जवळजवळ सगळं, दोन-तीन खेपांत. तांबं दगडात मुरतं, परत पाण्यात उतरतं, त्यासाठी शोषून घेणारी पावडर घालू, पण आधी हे पाणी बाहेर गेलं पाहिजे.

शैलेशला मी फोन करून बोलावलं. तो आला, कोट न काढता त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, चिडेल. तो तात्यांकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, “म्हणजे तुम्ही होतात.” त्याच्या आवाजात राग नव्हता. माझी खात्री आहे, गेला आठवडाभर त्याला त्या घरात मृणालच आहे असं वाटत होतं, आणि ते त्याला हवं होतं. मी आणि तात्यांनी मिळून ते काढून घेतलं.

मग तो बोलायला लागला, एकदम, बांध फुटल्यासारखा. पाणी टाकायचं नाही म्हणाला. कोळंबी गेली तर गेली, पाणी राहू दे. मग स्वतःच म्हणाला, नाही, टिचकी मरता कामा नये. मग म्हणाला, नोर्डवाइकला नेऊन समुद्रात ओतू, मी गाडी काढतो. ते मला नाकारावं लागलं. टाकीतलं पाणी मोकळ्या समुद्रात कधीही सोडायचं नाही, त्यात परक्या समुद्रांचे जीव असतात, तांबं असतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मग कुठे जाणार ते पाणी, त्याने विचारलं. मी खाली बघितलं. गटारात जातं, दुसरीकडे कुठे जाणार?

वरून एक विमान गेलं, पाणी थरथरलं. तात्या उठले, टाकीपाशी गेले, वाकून बिळाकडे बघितलं. तो छोटा मासा एकटाच दाराशी बसला होता.

“जीव आहे तो,” तात्या म्हणाले. “पाणी टाका. फक्त एक बादली मला द्या. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

दहा लिटर पाणी आम्ही बेकिंगच्या ट्रेमध्ये ओतून वरच्या खोलीतल्या रेडिएटरवर ठेवलं. बाकीचं मी नळी लावून सोडलं, आणि ते जात असताना शैलेश शेजारी उभा राहिला, शेवटपर्यंत हलला नाही. वरच्या खोलीची काच दोन आठवडे धुरकट होती. तात्या रोज ट्रे बघायला जायचे, आणि शैलेशही जायला लागला. दोघं रेडिएटरपाशी काय बोलायचे मला माहीत नाही, पण जेवणाच्या टेबलावर मृणालचा एक फोटो आला. शेवटी ट्रेमध्ये करड्या रंगाचं मीठ उरलं, ओंजळ-दोन ओंजळ. स्टीलच्या डब्यात भरून, वर पिशवी बांधून तात्या ते घेऊन गेले. रेवदंड्याला पोचल्यावर पहिल्याच भरतीला ते समुद्रात सोडलं, असं शैलेशने मला सांगितलं.

तात्या निघाले तोवर टिचकीचा आवाज आला नव्हता. त्यांना ते न कळताच जावं लागलं. मी आणखी दोन खेपा केल्या, तांबं उतरत गेलं, पण बीळ गप्पच. मासा दाराशी. मी मनातून सोडून दिलं होतं.

जानेवारीत गेले तेव्हा घरी कुणी नव्हतं. किल्लीने आत शिरले. सवयीने आधी कपाट उघडलं. ड्रम काठोकाठ भरलेला. टाकीतलं पाणी हिरव्या टेपवर, रेषेला रेषा. मी तिथेच जमिनीवर बसले. तात्या तर हजारो मैलांवर होते.

मग कडेवरचे ठसे दिसले. चार, पण मोठे आणि जरा उजवीकडे, एखाद्या उंच माणसाने नवखेपणाने टेकवलेले. खिडकीत एक फुलपात्र उपडं घातलं होतं. उचलून बघितलं. स्टीलचं होतं.

तांबं तपासलं, शून्य. फिल्टरची पिशवी उलटी केली, तीन तीळ निघाले. मी वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि तेवढ्यात वाळूतून आवाज आला, ‘कट्’, आणि लगेच दुसरा. बिळाच्या तोंडाशी ती आंधळी मिशी बाहेर येऊन माशाच्या पाठीला लागली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आवाज मोबाइलवर पकडून मी तात्यांना पाठवला.

वहीत त्या दिवसाची नोंद आहे: पातळी खुणेवर, तांबं शून्य, कोळंबी जिवंत. फिल्टरमध्ये काय सापडलं, त्या रकान्यात बावीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीच लिहिलं नाही.